विमल म्हणाली, दवाखान्यात चला

माझ्या बायकोला बायपोलर नावाचा आजार आहे. तिचं नाव विमल, माझं नारायण. गाव मोर्शी तालुक्यात, घरची संत्र्याची बाग आहे. लिहून टाकलं. आता कानात कुजबुजणाऱ्यांना सांगायला काही उरलं नाही.

मी चौथी शिकलो. पत्र लिहिता येतं, सहीही झोकात करतो, त्यापुढचं लिहिणं माझं काम नाही. पण अकोल्याच्या वैशालीताई या आजाराच्या बायांचा वर्ग घेतात, त्या म्हणाल्या, "काका, बाया आपलं सांगतात. घरचे पुरुष तोंड उघडत नाहीत. तुम्ही लिहा." मी म्हटलं, लिहितो, पण गोड लिहिणार नाही. लिहिलेलं सगळं विमलला वाचून दाखवलं आहे. दोन ठिकाणी तिनं खोडायला लावलं. एका ठिकाणी म्हणाली, "इथं तुमी तुमची चूक कमी लिहिली. वाढवा." वाढवली आहे.

स्टँडवरचं आवतण

आजार किती जुना, आता कोण सांगणार? आमची रेखा झाली तेव्हा विमल दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी आई म्हणाली, बाळंतपणाचा अशक्तपणा. मग दर दोन-तीन वर्षांनी तसंच. मधे एखादं साल असं यायचं की तिच्या अंगात दहा बायांचं बळ. घर सारवणं, पापड, वावरातलं निंदण, सगळं एकटीच्या अंगावर, वरून गाणं. तेव्हा आम्ही म्हणायचो, विमलची तब्येत औंदा मस्त आहे. पडून राहणं म्हणजे आजार एवढंच आम्हाला माहीत. हसत राहणं, न थकणं हाही त्याच आजाराचा दुसरा भाग आहे, हे कोणाच्या बापाला ठाऊक?

तीन वर्षांपूर्वी ती एका सकाळी मोर्शीच्या स्टँडवर गेली. येणाऱ्या प्रत्येक एसटीसमोर हात आडवा करून उभी राहिली आणि खिडकीतल्या माणसांना म्हणाली, "आमच्या घरी जेवाले चला. पाटोडीचा रस्सा केला हाये." माणसं आली! तीस-पस्तीस माणसं आमच्या आंगणात बसली, त्यात एक कंडक्टरसुद्धा. विमल वाढत होती, बोलत होती, आवाज बसला तरी थांबत नव्हती. पाच दिवस तिला धड झोप नव्हती. शेजारी माझा धाकटा भाऊ मधुकर राहतो. तो आपल्या ओट्यावरून हसत होता. "दादा, वहिनीनं भंडारा काढला वाटते!"

मी काठी घेतली आणि लोकांना जेवत्या ताटावरून उठवलं. विमलला खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. हे वाक्य तिनं खोडायला सांगितलं नाही, म्हणून राहू देतो.

रेखा अकोल्याला शाळेत मास्तरीण आहे. तिला कोणी फोन केला माहीत नाही. ती दुपारून आली, कडी काढली आणि मला म्हणाली, "बाबा, तुमी गुरालेही असं कोंडत नाई."

नाव कळलं तो दिवस

दुसऱ्या दिवशी अमरावतीला नेलं. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा दिसत होता. त्यानं मला तासभर विचारलं, कधी पडून असतात, कधी झोपत नाहीत, घरात आणखी कोणाला असं होतं का. मी एकच सांगत होतो, बाई तापट आहे.

शेवटी त्यानं आजाराचं नाव सांगितलं. मी खुर्चीवरून उठलो. "आमच्या घराण्यात वेड नाही."

तो म्हणाला, "वेड कोण म्हणालं? मी आजार म्हणालो. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच ऐकलं. गोळ्या बहुतेक जन्मभर घ्यायच्या. मधून मधून रक्त तपासायचं. पाणी भरपूर प्यायचं, आणि जेवणातलं मीठ आपल्या मनानं कमी करायचं नाही. मी मान हलवली. आमच्या घरी मीठ कोण सोडतं, असं वाटलं आणि तिथंच विसरलो.

अठरा दिवस विमल वॉर्डात होती. बायांच्या वॉर्डात भेटीच्या वेळेशिवाय पुरुषाला जाऊ देत नसत. मी पायऱ्यांवर बसायचो. सकाळी चहा, मग गोळ्या. सिस्टर समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची आणि म्हणायची, "जीभ दाखवा." विमलला त्या जीभ दाखवण्याची फार शरम वाटे. सुईचं तिला काही नव्हतं. तिथं एक आयाबाई होत्या, आर्वीकडच्या. त्या रोज दुपारी विमलच्या डोक्याला तेल घालून घट्ट वेणी घालत. विमल मला म्हणाली, "इथं फक्त थे बाई मले मानसासारखी हात लावते." अठरा दिवसांत मी तिला हात लावला नव्हता. भीती वाटत होती. कशाची, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

गोळी घेतली का

घरी आल्यावर गोळ्यांची डबी मी माझ्या लोखंडी पेटीत ठेवली आणि पेटीची किल्ली करदोड्याला बांधली. सकाळ-संध्याकाळ मीच काढून द्यायचो आणि दवाखान्यात पाहिलं होतं तसं म्हणायचो, "जीभ दाखव." मला वाटायचं, मी किती सांभाळून राहिलो.

गोळ्यांनी ती बरी झाली. पण घरात तिचा शब्द मेला.

ती म्हणाली, रेखाला फोन करा. आम्ही म्हटलं, गोळी घेतली का? ती म्हणाली, हा पडदा जुना झाला. गोळी घेतली का? मधुकरची गाय आमच्या बागेत शिरली आणि ती ओरडली, तर मधुकर कुंपणावरून मला विचारतो, "दादा, वहिनीले गोळी देली का आज?" गाय त्याची, कलमं आमची खाल्ली, आणि गोळी विमलला!

एकदा ती बागेतून आली. म्हणाली, "खालच्या बांधाजवळच्या झाडायले डिंक सुटून राहिला. खोडं पाहा. साल खरडून मोरचूद-चुना लावा, नाईतर झाडं जातीन."

मी खाटेवरून उठलोही नाही. विचारलं, गोळी घेतली का?

अकरा झाडं गेली. माझ्या हातानं लावलेली, बहारातली झाडं वाळून उभी राहिली. तोडली तेव्हा विमल बांधावर उभी होती. मी सांगितलं होतं, असं एका अक्षरानं बोलली नाही. बोलून काय होतं? तेही आम्ही आजारावर ढकललं असतं. अकरा झाडं तोडूनही माझी अक्कल जागेवर आली नाही, एवढं इथं लिहून ठेवतो.

श्वासासाठी अकोला

वैशालीताईंचा वर्ग रेखानं शोधला. आठ बुधवार, अकोल्याला. फक्त बाया, आणि सगळ्या याच आजाराच्या. बसायचं, श्वासाकडे पाहायचं, अंगाकडे पाहायचं, मनात काय येतं ते पाहायचं.

मी म्हटलं, "श्वास घ्यायले अकोल्याले कायले जा लागते? मोर्शीत हवा सरली का?"

विमल म्हणाली, "मी जाईन."

"एकटी?"

"एकटी."

एकटी कशी जाऊ देणार? मीही निघालो. मोर्शीहून अमरावती, अमरावतीहून अकोला, संध्याकाळी परत. लेकीच्या घरी मी पाणी पीत नाही, आमच्यात बाप पीत नाही, म्हणून भाकरीचं गाठोडं सोबत. रेखा बिचारी दर बुधवारी म्हणायची, बाबा, घरी या. मी म्हणायचो, तू इथंच येऊन भेट.

हॉलच्या दारात वैशालीताईंनी मला थांबवलं. "काका, आत फक्त बाया."

"मी तिचा नवरा हाये."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण दार लावून घेतलं.

बाहेर लिंबाखाली बाकडं होतं, आणि बाकड्यामागे हॉलची खिडकी. मी कान लावून बसलो. आत सात बाया. वैशालीताईंचं पहिलंच वाक्य मला आवडलं. त्या म्हणाल्या, "हे गोळीच्या जागी नाही. गोळीच्या सोबत आहे. इथं येऊन कोणी गोळी सोडली तर मी रागावेन." मग म्हणाल्या, डोळे मिटून जीव घाबरत असेल तर उघडे ठेवा. मन फार पळत असेल तर बसू नका, उठून सावकाश चाला, तळपाय जमिनीला कसा लागतो तेवढं पाहा. एक बाई रडायला लागली. तिला कोणी गप्प केलं नाही. मला ते विचित्र वाटलं. आमच्या घरी रडणाऱ्या बाईला पहिले गप्प करतात, मग विचारतात काय झालं, आणि पुष्कळदा विचारतही नाहीत.

दुसऱ्या बुधवारी मी मृग बहाराची पिशवीभर संत्री नेली. माझ्या बागेचा माल, ताईंना कळायला पाहिजे की आम्ही कोण. त्यांनी पिशवी आत नेली. थोड्या वेळानं आतून ऐकू आलं, "एक फोड हातात घ्या. खाऊ नका. नुसती पाहा. रंग पाहा. शिरा पाहा. वास घ्या."

पाच मिनिटं झाली तरी कोणी खाईना! मला राहवलं नाही. खिडकीतून डोकं घातलं. "बाई, खाऊ द्या त्यायले. माल ताजा हाये, पाह्याचं काय त्यात?"

आतल्या साती बाया हसल्या. विमलही हसली. ते हसणं आजाराचं नव्हतं, एवढं मला खिडकीतूनही समजलं. वैशालीताई म्हणाल्या, "काका, तुमच्या संत्र्याचं कौतुकच चाललंय. बाकड्यावर बसता का?"

परतीच्या एसटीत बडनेरा गेलं. मग म्हणाली, "इतकी वर्सं बागेत गेली. आज पयल्यांदा संत्रं खाल्लं."

मला राग आला. "मंग आतालोक काय खाल्लं? बागवानाची बायको तू!"

"डागी खाल्लं, फुटकं खाल्लं. चांगलं व्यापाऱ्याले गेलं, नाईतर सोलून तुमाले देलं. आन् जे खाल्लं थे उभ्यानं खाल्लं."



त्यानंतर रोज सकाळी ती आंगणात गोणपाट टाकून दहा मिनिटं बसायला लागली. मधुकरनं ओट्यावरून आवाज दिला, "वहिनीनं समाधी लावली का दादा?" मीही चिडवायचो.

"काय करून राहिली?"

"पायून राहिली."

"काय पायते?"

"आज जीव कसा हाये थे. झोप किती झाली, जीभ किती पळते, हात-पाय काय म्हणते."

मग रेखानं दिलेल्या वहीत एक ओळ लिहायची. आभाळ पाहून मी पाण्याचा अंदाज घेतो, तसं ती स्वतःचं आभाळ पाहत होती. पण हे मला आता सुचतं. तेव्हा मी तिला खोटी साधू म्हणायचो.

चौथ्या बुधवारनंतर मी सवयीनं तो प्रश्न विचारला. ती भांडी घासत होती. हात थांबवून म्हणाली, "आता छातीत जाळ उठला. मी पायला त्याले. पयले वाटे, हा आजारच हाये. आता समजलं. हा राग आजाराचा नाई, रेखाचे बाबा. हा तुमचा हाये."

आणि परत भांडी घासायला लागली.

नवस

आता माझी चूक सांगतो.

विमल वॉर्डात होती तेव्हा मी एक दिवस कौंडण्यपूरला जाऊन आलो होतो. देवीपुढे उभं राहून बोललो होतो, हिला बरं वाटू दे, चैत्रातल्या नवरात्रात नऊ दिवस दोघं अळणी राहू. आमच्या घरात नवस नवरा बोलतो आणि पाळतात दोघं. माझ्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानंही. दोन चैत्र काही ना काही अडचणीत गेले. यंदा मी म्हटलं, देवीचं देणं ठेवायचं नाही. सहा बुधवार झाले होते, विमलचं छान चाललं होतं.

ती म्हणाली, "डॉक्टर तं मीठ सोडू नका म्हणे."

"थो डॉक्टर हाये. ही देवी हाये."

"वैशालीताईले फोन करून विचारू?"

"देवाच्या गोठीत त्या पोरीचं काय काम? गोळी घेतली का तू?"

तिनं उपास धरला. माझ्यासाठी धरला. चैत्राचं ऊन म्हणजे आमच्याकडे दगड तापतो. एक वेळ अळणी भगर, बाकी दिवसभर नुसता चहा. मला काही झालं नाही. मी ताठ होतो आणि त्याचा मला गर्व होता.

चौथ्या दिवशी विमलच्या हातून कप सांडला. मी म्हटलं, अशक्तपणा. सहाव्या दिवशी तिला उलट्या झाल्या, पोट बिघडलं. मी म्हटलं, ऊन बाधलं, कांदा हुंग. सातव्या दिवशी सकाळी ती गोणपाटावर बसली होती. दहा मिनिटांनी भिंतीला धरून उठली. माझ्यासमोर आली आणि एकेक शब्द ओढून काढल्यासारखं बोलली.

"हात थरथरून राहिले. कालच्याहून जास्त. जीभ जड झाली. पाय कुठी पडते, मले समजत नाई. हे उपासाचं नाई. हे माह्या नेहमीच्या आजाराचंही नाई, त्याले मी ओळखते. दवाखान्यात चला."

"दोनच दिवस राहिले, विमल. नवमीले पारणं करू आन् जाऊ."

"दोन दिवस मी राहाची नाई."

आणि मी, तोंड फुटो माझं, विचारलं, "गोळी घेतली का?"

"घेतली नं! तेच तं सांगून राहिली!" ती ओरडली.

मला काही समजलं नाही. ती मात्र थांबली नाही. रेखाला फोन लावला, चार शब्द बोलली आणि दाराबाहेर निघाली. भिंत धरून, मग कुंपण धरून, मग काही न धरता, वाकडी-तिकडी. मी ओट्यावर उभा. मधुकर त्याच्या ओट्यावर उभा. तो म्हणाला, "दादा, आवरा वहिनीले. लोक पायून राहिले."

ज्या बाईनं मोर्शीच्या स्टँडवर एसट्या थांबवल्या होत्या, तिनं त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून एक ऑटो थांबवला. मी धावत जाऊन तिच्या बाजूला बसलो. चप्पल घालायचंही सुचलं नाही.

मीठ

अमरावतीला पोचेपर्यंत तिची जीभ पुरती अडखळत होती. रक्त तपासलं आणि डॉक्टर माझ्यावर ओरडला. मी ओरडून घेतलं. अंगातलं मीठ गेलं, पाणी गेलं, आणि रोजची तीच गोळी रक्तात साठून विष झाली. घ्यायची तेवढीच घेतली होती. विष मी केलं होतं.

"आणखी थांबला असता तर मी काही सांगू शकलो नसतो," डॉक्टर म्हणाला. मग जरा शांत होऊन विमलकडे वळला. "तुमच्या लक्षात कसं आलं?"

ती अर्धवट शुद्धीत होती. म्हणाली, "रोज पायते नं."

त्यानंतर दीड दिवस तिनं मला ओळखलं नाही. सलाईन चालू, डोळे उघडे, आणि मी समोर उभा राहिलो की ती माझ्यामागच्या भिंतीकडे पाहायची. मूत्रपिंडाला धक्का बसला असेल तर काय, हे डॉक्टर रेखाला सांगत होता. मी पुन्हा त्याच पायऱ्यांवर जाऊन बसलो. घरात मेला होता तिचा शब्द. आता बाईही जाते की काय, आणि जाताना ती बरोबर आणि मी चूक, हे सांगायला समोर कोणी उरणार नाही, असं वाटलं. माणसानं कशाला भ्यावं ते त्या पायऱ्यांवर मला कळलं.

अष्टमीच्या दुपारी रेखा डबा घेऊन आली. रात्रीपासून ती आईजवळच होती. डबा जावयानं अकोल्याहून घरच्या चुलीवरचा, म्हणजे गॅसवरचाच म्हणा, करून पाठवला होता. वरण-भात आणि मिरचीचा ठेचा. ती माझ्या बाजूला पायरीवर बसली. म्हणाली, "बाबा, तुमचा नवस हाये, माईत हाये. माह्या घरचं तुमी खात नाई, थेही माईत हाये. फक्त ठेवते इथं."

मी डबा उघडला आणि ठेच्यासकट सगळा खाल्ला. लेकीच्या घरचं खाल्लं, आणि मीठ घातलेलं खाल्लं. देवीला राग धरायचा तर माझ्यावर धरावा. बोललो मी, मोडलं मी. त्यात विमलचं नाव नको. पण खरं सांगू का, मला नाही वाटत देवीला राग आला. बाईला मीठ तोडून काय मिळणार तिला?

संध्याकाळी विमलनं मला ओळखलं. पहिलं विचारलं, "जेवले का?"

"जेवलो. मीठ घालून."

मग म्हणाली, "माह्या नावानं पुन्हा काही बोलान देवाजवळ..."

"नाई बोलत."

"किल्ली?"

मी करदोडा ओढला. गाठ घामानं घट्ट झालेली, सुटेना. वेणी घालणाऱ्या त्याच आयाबाई तिथं होत्या. त्यांनी कातरीनं करदोडा कापला आणि किल्ली विमलच्या हातात दिली. तिनं मूठ मिटली आणि झोपली.

तिची मूत्रपिंडं वाचली. राहिलेले दोन बुधवार तिनं जरा उशिरा पूर्ण केले. आठव्या दिवशी घरच्यांना आत बोलावलं. मलाही एक फोड हातात दिली. मी लगेच तोंडात टाकली. सगळ्या हसल्या. माझ्याच्यानं ते होत नाही. पण पाहणं कशाला असतं, ते मला कोणी शिकवायची गरज उरली नाही.

ज्या पुरुषाच्या घरी असा आजार आहे, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. गोळी चुकू देऊ नका. डॉक्टरनं सांगितलेलं देवापुढेही विसरू नका. आणि बाई काही सांगत असेल तर पहिले उठून पाहून या. खोडाला डिंक सुटला आहे की नाही, ते पाहिल्याशिवाय खाटेवरून सांगता येत नाही.

पंगत

वैशाखात मधुकरच्या मुलीचं लग्न झालं. विमल आठ दिवस तिकडेच. हळद दळली, गाणी म्हटली, नव्या सुनांना नाव घ्यायला शिकवलं. गाव म्हणे, वहिनी कशा खुलल्या! मलाही बरं वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी मी पंगतीत बसलो होतो, व्याह्यांच्या बाजूलाच. पहिला भात झाला होता. विमल माझ्यामागे येऊन वाकली.

"तीन दिवस झाले, दोन-तीन तासच झोपून राहिली. आज सकाळपासून जीभ थांबत नाई. सगळं लय मस्त वाटून राहिलं, रेखाचे बाबा. एवढं मस्त मले वाटाले नाई पायजे. दवाखान्यात चला."

मधुकर वाढायला उभा होता, त्यानं ऐकलं. "अवं वहिनी, लग्नाचं घर हाये, खुशी तं होईनच! दादा, बसा तुमी. वहिनी, गोळी घेतली का आज?"

भरल्या पंगतीतून उठणं म्हणजे अन्नाचा आणि यजमानाचा अपमान. सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांसमोर! मी आयुष्यात कधी असा उठलो नव्हतो. दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे पाहत होती.

मी उठलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "माह्या बायकोले बायपोलर हाये. तिले आता दवाखान्यात जा लागते. तिनं सांगतलं म्हणून जा लागते. पोरीले आशीर्वाद देतो आन् निघतो. मधुकर, तिनं गोळी घेतली. तू जिलबी वाढ."

आम्ही मांडवाबाहेर आलो तर मागून नवरदेवाकडची एक म्हातारी पदर सावरत आली. माझ्याकडे न पाहता विमलला हळूच म्हणाली, "बाई, थो दवाखाना कुठं हाये म्हणलं? माह्या सुनेसाठी विचारते." विमलनं तिला नाव, पत्ता, वार, सगळं सांगितलं. जरा जास्तच सांगितलं, पण तिला माहीत होतं की ती जास्त सांगते आहे. स्वतःच थांबली.

वेळेवर गेलो म्हणून डॉक्टरनं गोळ्या बदलून घरी पाठवलं. भरती करावं लागलं नाही. मधुकर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. नाही बोलला तर नाही बोलला.

पण ते नंतरचं. ऑटोत बसलो तेव्हा माझा उजवा हात वरण-भातानं खरकटाच होता. विमलनं बाटली काढली, माझा हात ऑटोबाहेर धरला आणि त्यावर पाणी ओतलं. बोटं पुसून दिली. मग माझ्याकडे वळली.

"तुमी विचारलं नाई."

"काय?"

"गोळी घेतली का म्हणून."

"तू म्हटलं नं, चला."